शाळेच्या जीवशास्त्रात मुलं नेमकं काय शिकतात?

रानजाई

माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांना मी जीवशास्त्र शिकवते. पालकसभेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "पुस्तक एवढं जाडजूड, आकृत्या काढून काढून पोर थकतं, पण वर्षाअखेर त्याला येतं काय?" प्रश्न रास्त आहे. सभेतल्या दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा.

अनुक्रमणिका जवळपास सगळीकडे सारखीच असते. पेशी, जैवरेणू, प्रकाशसंश्लेषण, श्वसन, पेशीविभाजन, आनुवंशिकता, डीएनए, उत्क्रांती, वर्गीकरण, मानवी शरीर, परिसंस्था. परीक्षा धड्यागणिक प्रश्न विचारते, त्यामुळे मुलंही प्रत्येक धडा सुटा सुटा लक्षात ठेवतात. माझ्या मते हे सगळं एकच प्रकरण आहे. रेणूत झालेला बदल पेशीत कसा दिसतो, पेशीतून शरीरापर्यंत कसा पोचतो, पुढच्या पिढीत कसा उतरतो आणि अख्ख्या समूहात कसा टिकतो किंवा पुसला जातो, हे ज्याला सलग सांगता आलं त्याला जीवशास्त्र आलं.

यासाठी मी वर्गात सिकलसेलचा आजार घेते. हिमोग्लोबिन हे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं. कारण डीएनएमध्ये जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी झालेलं असतं. म्हणजे एका अक्षराचा फरक. व्हॅलिन पाण्यापासून लांब राहू पाहतं. त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब कडक तंतू तयार होतात. तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, केशवाहिन्यांत अडकते, असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांत संपते, म्हणून रक्तक्षय.

इथवर जैवरेणू, पेशी आणि रक्ताभिसरण झालं. आता आनुवंशिकता. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही जनुकं बदललेली असतील तरच आजार होतो. एकच बदललेलं असेल तर माणूस वाहक असतो आणि बहुधा ठणठणीत असतो. मग इतका घातक बदल नैसर्गिक निवडीने केव्हाच नाहीसा का केला नाही? कारण वाहकांना तीव्र हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. हे 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवलं. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथेच हे जनुक जास्त आढळतं. डास, परजीवी आणि माणूस यांच्या नात्याने माणसाच्या डीएनएवर असा ठसा उमटवलाय.

आठ धडे एका आजारात आले. इथल्या शिक्षकांनी, पालकांनी, विद्यार्थ्यांनी आपापलं सांगावं.

बकुळ

ताई, फार छान उलगडून सांगितलंत. एक शंका आहे, बाळबोध वाटली तरी विचारते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर "चारपैकी एका मुलाला आजार" असं मुलीच्या वहीत लिहिलंय. म्हणजे पहिल्याला झाला तर पुढची तीन सुरक्षित, असंच ना?

रानजाई

बकुळ, नाही, तसं नाही. आणि शंका अजिबात बाळबोध नाही, हा गैरसमज घराघरांत आहे आणि तो महागात पडू शकतो. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता नव्याने 25 टक्के असते. आधीच्या बाळाचं काय झालं याची नोंद जनुकांकडे नसते. दोन मुलं असतील तर दोघांनाही आजार होऊ शकतो, चार असतील तर एकालाही होणार नाही असंही घडू शकतं.

चारपैकी एक, म्हणजे तीनास एक, हे प्रमाण दिसायला मोठे आकडे लागतात. मेंडेलचा निबंध 1866 मध्ये छापून आला. त्यात वाटाण्याच्या बियांचे आकडे आहेत. गोल 5474 आणि सुरकुतलेल्या 1850. भागाकार केला तर 2.96 येतो. फुलांच्या रंगात जांभळी 705 आणि पांढरी 224, म्हणजे 3.15. नेमकं तीनास एक कुठेच नाही, आणि जितकी झाडं कमी तितकं प्रमाण जास्त हलणार. मुलांना मी हे खरे आकडे देते आणि भागाकार करायला लावते. चौकोनात टीटी-टीटी अशी जनुकांची अक्षरं भरण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

पांथस्थ

मी अभियंता आहे, जीवशास्त्र शाळेतच सुटलं. चर्चा आवडली, पण माझा आक्षेप नोंदवतो. सिकलसेलसारखं कोणी शिकवलं असतं तर मी टिकलो असतो. आमच्या वाट्याला आले ते प्राणिसंघ, म्हणजे प्राण्यांचे मोठे गट. प्रत्येकाची लक्षणं आणि दोन-दोन उदाहरणं. पेपर झाला की ती नावं विसरलो. जो डॉक्टर किंवा शेतीतज्ज्ञ होणार नाही, त्याला या नावांचा उपयोग काय?

खडूफळा

पांथस्थ, मीही शिक्षक आहे आणि नावांची बाजू घेणार आहे. नावांशिवाय विचार पुढे सरकत नाही. "ती पेशीतली हिरवी गोष्ट" म्हणत राहिलात तर हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो आणि तो जिवाणूंच्या डीएनएसारखा वर्तुळाकार असतो, हे वाक्य तुम्हाला कोणी सांगू शकत नाही. आणि ते वाक्य नाही कळलं, तर हरितलवक एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होता, ही लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये हिरीरीने मांडलेली कल्पनाही हाती लागत नाही. रक्ततपासणीचा कागद हातात आला की त्यावरचे शब्द ओळखीचे असावेत, एवढी अपेक्षा शाळेकडून ठेवणं गैर नाही.

वर्गीकरणाबद्दल मात्र तुमची तक्रार अर्धी मान्य. तो धडा गोठलेल्या यादीसारखा शिकवला जातो. खरं तर त्यात केवढी उलथापालथ झाली आहे! लिनियसच्या काळात सजीवांची सृष्टी दोनच, वनस्पती आणि प्राणी. व्हिटेकरने 1969 मध्ये पाच केल्या आणि कवकांना वनस्पतींपासून वेगळं काढलं. कवक स्वतः अन्न बनवत नाही आणि त्याच्या भित्तिकेत सेल्युलोजऐवजी कायटिन असतं. मग 1977 मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोझोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांतल्या) आरएनएची तुलना केली आणि जिवाणूंसारखे दिसणारे काही जीव मुळात जिवाणू नाहीतच, हे समोर आलं. आज त्यांना आर्किया म्हणतात. पुरावा आला की मांडणी बदलते, हे त्या धड्यात शिकवायचं असतं. नावं त्या ओघात बसतात.

प्रयोगवही

मी विद्यार्थी आहे. यंदा माझं महत्त्वाचं वर्ष आहे. सगळ्यांचं वाचतोय. मला वर्गीकरण जमतं, पेशीश्वसन जमत नाही. क्रेब्ज चक्र, म्हणजे श्वसनातला अभिक्रियांचा फेरा, तीन वेळा पाठ केलं, तीन वेळा विसरलो. आणि एका पुस्तकात एका ग्लुकोजपासून 38 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) लिहिलेत, दुसऱ्यात 36, तिसऱ्यात 30 ते 32. खरं काय?

रानजाई

प्रयोगवही, चक्रातली नावं तूर्त बाजूला ठेव आणि फक्त कार्बन मोज. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. पेशीद्रव्यात त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, ते पायरुव्हेट. तंतुकणिकेत (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) शिरताना प्रत्येकातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो, दोन उरतात. हे दोन कार्बन चार कार्बनच्या रेणूला जोडले जातात आणि सहा होतात. चक्र फिरताना दोनदा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि परत चार उरतात. ते चार पुढच्या दोन कार्बनची वाट बघत तयार. हिशेब कर, एका ग्लुकोजमागे बाहेर पडलेले कार्बन सहा भरतात. तू उच्छ्वासातून सोडतोस तो कार्बन अन्नातला आहे.

मग ऑक्सिजन कशाला लागतो? या साखळीत कुठेच आला नाही ना? तो अगदी शेवटी येतो. वाटेत काढून घेतलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. त्या प्रवासात प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि परत येताना एटीपी घडवणारं विकर (एन्झाइम) फिरवतात. इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी बनतं. घ्यायला ऑक्सिजन नसेल तर मागची सगळी रांग अडते. ही प्रोटॉनची कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली. बरीच वर्षं ती अनेकांना पटली नव्हती, 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तुझ्या आकड्यांचं उत्तरही इथेच आहे. 36 आणि 38 हे जुन्या हिशेबातले, इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्रत्येक एनएडीएच रेणूमागे पूर्ण तीन एटीपी धरून केलेले. प्रत्यक्षात प्रोटॉनचा काही भाग एटीपी बाहेर नेण्यासारख्या इतर कामांत खर्च होतो, म्हणून आता साधारण अडीच धरतात आणि बेरीज 30 ते 32 येते. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिही, पण हे माहीत असू दे.

खडूफळा

श्वसनाचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही घेऊ. मी प्रकाशसंश्लेषणाच्या पहिल्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहितो. मोठ्या झाडाचं वजन कुठून आलं? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, मातीतून.

मग व्हॅन हेल्माँटचा प्रयोग सांगतो. तो 1648 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने कुंडीत 200 पौंड, म्हणजे सुमारे 90 किलो, वाळवलेली माती भरली, पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट झाली होती फक्त दोन औंसांची, म्हणजे 57 ग्रॅमच्या आसपास. इथे वर्ग गप्प होतो. माती नाही तर मग काय?

हेल्माँटने उत्तर दिलं, पाणी. ते अपुरं होतं, कारण हवेचा त्याने विचारच केला नाही. मग प्रीस्टली, 1771, बंद भांड्यात विझलेल्या मेणबत्तीने बिघडवलेली हवा पुदिन्याच्या रोपाने पुन्हा सुधारली. मग इंगेनहाउस, 1779, हे फक्त उजेडात आणि फक्त हिरव्या भागांतच घडतं. आणि झाडाने सोडलेला ऑक्सिजन पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून, हे ऑक्सिजनचं जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वजनदार अणू) वापरून 1941 मध्ये ठरलं. पाण्यातून येतो. झाडाच्या कोरड्या वजनाचा बहुतांश भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो. हे मुलांना खरं वाटायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यायलाच हवा.

शेजारचा गैरसमज असा की झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन. श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून जास्त असल्याने ते झाकलं जातं, इतकंच.

नाडी

मी डॉक्टर आहे. रुग्णांशी बोलताना शाळेतलं जीवशास्त्र किती कामाला येतं, आणि ते नसलं की किती अडतं, हे रोज बघतो. सर्दीसाठी अँटिबायोटिक मागणारे खूप. पेनिसिलिन काय करतं? जिवाणूची पेशीभित्तिका घडू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून आपण वाचतो. काही औषधं जिवाणूचा रायबोझोम अडवतात. त्यांचा आकाराने लहान, 70एस, आपल्या पेशीद्रव्यातला मोठा, 80एस, घडण वेगळी. आणि विषाणूला ना भित्तिका, ना स्वतःचा रायबोझोम. मग सर्दीच्या विषाणूवर ते औषध चालेल कसं? ज्याला आदिकेंद्रकी (जिवाणूंसारख्या, स्पष्ट केंद्रक नसलेल्या) आणि दृश्यकेंद्रकी (आपल्यासारख्या, केंद्रक असलेल्या) पेशींतला फरक समजलाय त्याला हे मी अर्ध्या मिनिटात सांगू शकतो.

गोळ्यांचा डोस आपल्या मनाने कमी करू नका, हे सांगण्यामागे तर थेट उत्क्रांती आहे. फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट त्यांना औषधाला दाद न देण्याची सवय लागते. काही जिवाणूंत योगायोगाने असा बदल आधीच असतो. औषध बाकीच्यांना मारतं, हे उरतात, आणि पुढची वाढ यांची.

पांथस्थ, तुमच्या प्रश्नाचं माझ्या परीने हे उत्तर.

पांथस्थ

पटलं. विशेषतः भित्तिकेचं. मला भित्तिका म्हणजे वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांतल्या फरकाच्या तक्त्यातली पहिली ओळ, एवढंच आठवत होतं.

रानजाई

भित्तिकेवरून प्रयोगशाळेतला एक तास सांगते, कारण प्रात्यक्षिकं हा या विषयाचा प्राण आहे आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते.

लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची जांभळट साल चिमट्याने सोलून काचपट्टीवर घ्यायची, पाण्याचा थेंब, वर कव्हर स्लिप. सूक्ष्मदर्शकाखाली विटांसारख्या पेशी दिसतात आणि प्रत्येक पेशी जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेली असते. तो रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतला. आता कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावायचा, म्हणजे खारं पाणी सालीखालून ओढलं जातं. डोळा भिंगावरून हलवायचा नाही. थोड्याच वेळात जांभळा रंग एका कोपऱ्यातून सुटू लागतो, मग दुसऱ्या कोपऱ्यातून, आणि बघता बघता मधोमध गडद गोळा होऊन बसतो. भित्तिका जिथल्या तिथे. हा रससंकोच.

मुलं विचारतात, प्रद्रव्यपटल कुठंय? ते पेशीभोवतीचं आवरण जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाड, साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसूच शकत नाही. पण भित्तिका आणि रंगाचा गोळा यांच्यामध्ये जी रिकामी फट पडली, तिच्या आतल्या कडेवर ते आहे. पाणी त्यातून गेलं, रंग गेला नाही. न दिसणाऱ्या वस्तूचा गुणधर्म मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी ताडलेला असतो. नंतर साधं पाणी सोडलं की बऱ्याच पेशी पुन्हा भरतात. ज्या भरत नाहीत त्या मेल्या, आणि त्या का मेल्या यावर वर्गात वाद झाला पाहिजे.

मग मी विचारते, शिरेतून नुसतं शुद्ध पाणी दिलं तर? तांबड्या पेशीला भित्तिका नाही, ती फुगून फुटेल. म्हणून सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ. नाडी डॉक्टरांनी दुजोरा द्यावा.

नाडी

अगदी बरोबर.

खडूफळा

उत्क्रांतीबद्दल थोडं. तो धडा बहुतेक पुस्तकांत मागे असतो, त्यामुळे घाईत उरकला जातो. माझं ठाम मत आहे की तो आनुवंशिकतेला जोडूनच घ्यावा. मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली, गरज पडली म्हणून प्राणी बदलला. हे उपटून काढायला मला गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावरचं पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांचं काम सगळ्यात उपयोगी वाटतं. 1977 मध्ये तिथे दुष्काळ पडला. लहान मऊ बिया संपल्या, मोठ्या टणक उरल्या. फिंच पक्ष्यांपैकी बहुतेक मेले आणि वाचलेल्यांत जाड चोचीचे जास्त होते. पुढच्या पिढीची सरासरी चोच आधीपेक्षा जाड निघाली. एकाही पक्ष्याची चोच त्याच्या आयुष्यात गरजेपोटी जाड झाली नव्हती, जाड चोचीचे पक्षी उरले होते. पुढे अतिवृष्टीनंतर लहान बियांचा सुकाळ झाला तेव्हा कल उलटला. म्हणजे उत्क्रांतीला ठरलेली दिशा नसते, हेही त्याच बेटावर दिसलं.

परिसंस्थेच्या धड्यात मुलं ऊर्जेचा मनोरा आणि दहा टक्क्यांचा नियम (अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर सुमारे दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते) शिकतात, तो ढोबळ आहे हे सांगितलं की पुरे. त्याऐवजी रॉबर्ट पेन यांचा समुद्रकाठचा प्रयोग सांगावा. एका खडकावरून ते तारामासे सतत काढत राहिले. शिंपल्यांना खाणारं कोणी उरलं नाही, त्यांनी जागा व्यापली, आणि तिथल्या 15 जातींच्या 8 झाल्या. हे 1966 मध्ये छापलं गेलं. अन्नजाळ्याची आकृती काढायला सांगण्याआधी मुलांना विचारा, यातला एक काढला तर काय होईल?

बकुळ

मुलीला हा धागा वाचायला दिला. तिचा प्रश्न असा आहे की एकाच आईवडिलांची भावंडं इतकी वेगळी कशी, हे कोणत्या धड्यात येतं?

रानजाई

बकुळ, अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची (डीएनएच्या धाग्यांची) संख्या निम्मी होते त्या विभाजनात. मुलं तो धडा अवस्थांची नावं पाठ करण्यात घालवतात आणि नेमका हाच मुद्दा निसटतो.

तिला दोन रंगाच्या पेन्सिली घ्यायला सांगा. आईच्या आईकडून आलेली गुणसूत्रं तांबडी, आईच्या वडिलांकडून आलेली निळी. सुरुवातीला दोनच जोड्या काढायच्या, एक लांब, एक आखूड. अंडपेशीत प्रत्येक जोडीतलं एकच जाणार. लांब तांबडं आणि आखूड निळं, लांब तांबडं आणि आखूड तांबडं, असे चार प्रकार होतात. तीन जोड्या घेतल्या तर आठ. माणसात 23 जोड्या, म्हणजे दोनचा 23 वा घात, 83,88,608 प्रकार. तेवढेच वडिलांकडून. आणि हे झालं गुणसूत्रं अख्खीच्या अख्खी जातात असं धरून. प्रत्यक्षात जोडीतली दोन गुणसूत्रं आधी एकमेकांना चिकटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात, तेव्हा तांबड्यात निळे पट्टे येतात.

प्रयोगवही

ताई, मी आत्ताच काढून बघितलं. तीन जोड्यांचे आठ आले. अदलाबदलीनंतर मात्र मोजताच येत नाहीत, पट्टा कुठेही तुटू शकतो. ते कुठे तुटणार हे ठरलेलं असतं का?

रानजाई

पुरतं ठरलेलं नसतं. काही जागी जास्त वेळा तुटतं, काही जागी क्वचित. आणि यातूनच पुढची गंमत सुचली. दोन जनुकं एकमेकांजवळ असतील तर त्यांच्यामध्ये तुटण्याची शक्यता कमी, लांब असतील तर जास्त. म्हणजे संततीत ती किती वेळा वेगळी झाली हे मोजलं की त्यांच्यातलं अंतर काढता येतं. थॉमस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने फळमाशीवरच्या अशाच आकड्यांतून गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला, 1913 मध्ये तो छापून आला. तेव्हा जनुक कशाचं बनलंय हेही कोणाला माहीत नव्हतं.

तुला एक गणित देते. क आणि ख या जनुकांत 5 टक्के अदलाबदल, ख आणि ग यांत 8 टक्के, क आणि ग यांत 13 टक्के. तिघांचा क्रम लाव आणि कसा लावलास ते इथे लिही.

प्रयोगवही

क, ख, ग. पाच आणि आठ मिळून तेरा होतात, म्हणून ख मध्ये.